बाकड्याखालची बाटली

धम्मदीप : वहिनी, तिकडचं टोक धर जरा. भिंतीला टेकव. घट्ट धर, टेप मागं सरकते.

स्नेहल : धरलंय. किती भरली पडवी?

धम्मदीप : बावीस फूट. म्हणजे अकरा फुटांवर भिंत. खिडकी तुमच्याकडे राहील, पुढचं दार आमच्याकडे.

स्नेहल : मग आम्ही घरात शिरायचं कुठून?

धम्मदीप : मागून. न्हाणीच्या बाजूला दार काढून देईल गवंडी. जांभ्याची भिंत आहे, चिरे काढायला एक दिवस पुरेल म्हणाला.

स्नेहल : बरं. आणि आईंची खाट?

धम्मदीप : खाटेचं काय?

स्नेहल : बरोबर अकरा फुटांवर येते ती. डोकं आमच्याकडे, पाय तुमच्याकडे.

धम्मदीप : वहिनी, मस्करी नको करूस.

स्नेहल : मस्करी नाही भाऊजी. त्या रात्री दोनदा उठतात. उठून कुठल्या बाजूला जाणार, ते ठरवायला नको?

धम्मदीप : आय दोन्हीकडे राहील. तिला कोण अडवतंय? हे बघ, मला हौस नाही आलेली. वर्षातून दोनदा येणारा माणूस मी, मला अर्धं घर घेऊन काय करायचंय? स्वप्नानं अट घातलीय. आपला भाग वेगळा, आपलं कुलूप वेगळं, तरच सानिकाला इथे आणेन म्हणते. नाहीतर पुन्हा या घराचं नाव काढायचं नाही. हॉस्पिटलमधून सोडल्यापासून तिला घेऊन रत्नागिरीत मांडवीला बहिणीकडे जाऊन राहिलीय. मी दोन वेळा समजवायला गेलो, दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं.

स्नेहल : मी कुठं नाही म्हटलं? टोक धरलंय ना मी.

धम्मदीप : दादा काय म्हणाला?

स्नेहल : "तिची पोरगी मरता मरता वाचलीय, तिला हवी ती भिंत घालू दे." एवढंच म्हणाले. मग डबा न घेताच एसटीच्या ड्युटीवर गेले. मी हाक मारली तर म्हणाले, गाडी आठची आहे, उशीर होईल. आठची गाडी असली की ते सातला भाकरी खाऊनच निघतात, इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही.

धम्मदीप : मला माहीत आहे त्याला लागलंय. मलाही लागलंय. वहिनी, मी तुझ्यावर रागावलेलो नाही, खरंच. तू या घरात आलीस तेव्हा मी आठवीत होतो, माझे शाळेचे शर्ट तू धुतलेस. पण पाच वर्षांची मुलगी तीन दिवस आयसीयूत पडलेली बघितली की डोकं चालत नाही. आणि कशामुळे, तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत फवारणीचं औषध. बाकड्याखाली, सगळ्यांच्या पायात. तू अंगणवाडीत बायांना हेच शिकवतेस ना? विषारी वस्तू उंचावर ठेवा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

स्नेहल : शिकवते. त्याचं मोठं चित्र लावलंय भिंतीवर.

धम्मदीप : मग?

स्नेहल : मग काय. सोमवारी चौदातली पाच मुलं आली. खालच्या आवाठातल्या घरांतली नम्रता अर्ध्या वेळात येऊन मुलीला घेऊन गेली. अंगात कणकण आहे म्हणाली. मी हात लावून बघितला होता, मुलगी थंडगार होती. आमच्या सुपरवायझर मॅडमचा तालुक्यावरून फोन आला. त्या चांगल्या आहेत, त्यांनी दरडावलं नाही. फक्त म्हणाल्या, स्नेहल, घडलं ते लिहून दे. कागद घेऊन दोन दिवस बसलेय, अजून एक ओळ झालेली नाही.

धम्मदीप : मला हे कुणी सांगितलं नाही.

स्नेहल : तुम्ही हॉस्पिटलात होतात. काय सांगायचं तुम्हाला.

धम्मदीप : बरं, टेप सोड. एक काम राहिलंय. लांजाचा पहिला कागद तुझ्याकडे आहे ना? उद्या सानिकाला पुन्हा तपासायला न्यायचंय. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला जिथं नेलं तिथला कागद आणा.

स्नेहल : आहे. पण उद्या मीच घेऊन आले असते मांडवीला.

धम्मदीप : कशाला? मी जातोच आहे संध्याकाळी. कुठं ठेवलायस?

स्नेहल : कपाटात. थांबा, काढून देते... हा घ्या. घडी मोडू नका, जुनाट कागदासारखा झालाय. त्या दिवशी माझ्या मुठीत होता.

धम्मदीप : अक्षर बघ यांचं. "नातेवाईक : काकू. तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. अंदाजे एक घोट, सुमारे अर्ध्या तासापूर्वी. औषधाचं नाव..." वहिनी, इथं औषधाचं नाव लिहिलंय.

स्नेहल : हो.

धम्मदीप : बाटलीवर तर कागदच नव्हता. नुसती कोल्ड्रिंकची बाटली. नाव कुणी सांगितलं यांना?

स्नेहल : मी.

धम्मदीप : तुला कसं माहीत?

स्नेहल : विचारून घेतलं.

धम्मदीप : कुणाला? दादाला?

स्नेहल : जाऊ दे ना भाऊजी. पोरगी बरी झाली. कागद घेऊन जा.

धम्मदीप : नाही, सांग मला. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मला कुणी धड सांगितलेलंच नाही. मी मुंबईहून निघालो तेव्हा फक्त एवढंच कळलं की ती काहीतरी प्यायलीय. नंतर स्वप्ना नुसती रडत होती. तू पहिल्यापासून सांग.

स्नेहल : साडेअकरा वाजले असतील. स्वप्ना मागं कपडे वाळत घालत होती, मी चुलीपाशी भाकऱ्या करत होते. आई काजूच्या बिया निवडत बसल्या होत्या अंगणात. सानिका शेजारच्या मुलींबरोबर आंब्याखाली खेळत होती, तहान लागली म्हणून धावत आली असणार. मला आधी वास आला. औषधाचा वास भाकरीच्या वासात लपत नाही. बाहेर आले तर ही बाकड्यापाशी बसलेली, बाटली आडवी पडलेली, आणि तोंड वाकडं करून थुंकत होती. म्हणाली, काकू, हे कडू आहे.

धम्मदीप : हं.

स्नेहल : मी तिचं तोंड धुतलं, फ्रॉक काढून टाकला, त्याच्यावर सांडलं होतं. तेवढ्यात शेजारची सोनूबाई मिठाचं पाणी घेऊन आली, पाजून ओकवू या म्हणाली. मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. ओकवायचं नसतं, ते आम्हाला शिकवलंय. ती अजून माझ्यावर रागावलेली आहे. वाडीतल्या दर्शनची रिक्षा दारातच होती. मी सानिकाला कुशीवर धरून बसले, स्वप्ना शेजारी, आणि ती बाटली मी पदरात गुंडाळून बरोबर घेतली. लांजाला पोचेपर्यंत लाळ गळायला लागली होती. डॉक्टरांनी बाटली हुंगली, म्हणाले कीटकनाशक आहे एवढं कळतंय, पण कुठलं? नाव कळलं तर पुढचे उपचार नेमके करता येतील, रत्नागिरीला तसं कळवता येईल. तुमच्या दादांना, अमरना फोन लावला, ते गाडीवर होते, उचलला नाही. मग स्वप्नाला आत सानिकापाशी ठेवून मी बाहेर आले आणि बाजारातल्या शेती औषधांच्या दुकानात फोन केला. सगळी वाडी त्यांच्याकडूनच नेते. विचारलं, आमच्या घरी काजूवर मारायला यंदा काय दिलं होतं?

धम्मदीप : मग?

स्नेहल : त्याला आठवत होतं. नाव सांगितलान. मी एकेक अक्षर विचारून तळहातावर पेनानं लिहिलं आणि डॉक्टरांसमोर हात धरला.

धम्मदीप : आणखी काय सांगितलान त्यानं?

स्नेहल : भाऊजी.

धम्मदीप : वहिनी, काजूवर ढेकण्याची कीड पडली म्हणून औषध आणायला दिवाळीत मी गेलो होतो. दादा ड्युटीवर होता. त्या डब्याचं झाकण तुटलं होतं, पिशवीत गळत होतं सगळं. फवारून झाल्यावर जेवढं उरलं ते मी... गोठ्यात एक रिकामी बाटली पडलेली होती. मी त्यात ओतलं. वर वाशाला खोचून ठेवली. दादाला सांगायचं होतं. गाडीची वेळ झाली आणि राहूनच गेलं, मग माझ्या डोक्यातूनही गेलं.

स्नेहल : मला वाटलंच, असंच काहीतरी झालं असणार.

धम्मदीप : तुला त्याच दिवशी कळलं होतं?

स्नेहल : दुकानदार म्हणाला, तुमचा मुंबईचा दीर घेऊन गेला होता. तेव्हाच.

धम्मदीप : आणि तू दहा दिवस गप्प राहिलीस. त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये स्वप्ना तुला काय काय बोलली. तुझी मुलं मोठी झाली म्हणून तुला लहान मुलाची किंमत नाही, असं म्हणाली. मी तिथं उभा होतो.

स्नेहल : होतात.

धम्मदीप : का बोलली नाहीस?

स्नेहल : कुणाला बोलू? तिला? आत मुलीच्या नाकात नळ्या होत्या. ती तुमच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. मी तोंड उघडलं असतं तर तिनं डोकं उचललं असतं, आणि मग ते ठेवायला तिला दुसरी जागा नव्हती. माझ्यावर ओरडून तिचा जीव थोडा हलका होत असेल तर होऊ दे, असं वाटलं. पुढं मुलगी बरी झाली, तेव्हा सांगायचं म्हणून दोन वेळा फोन हातात घेतला. पण दहा दिवसांनी असं सांगणं म्हणजे चहाडी केल्यासारखं वाटायला लागलं.

धम्मदीप : आणि मी आलो टेप घेऊन. तुला म्हटलं, टोक धर.

स्नेहल : भाऊजी, रडू नका. आणि मला फार मोठी करू नका. मी गप्प राहिले त्याला आणखी एक कारण आहे.

धम्मदीप : काय?

स्नेहल : ती बाटली शिमग्यापासून बाकड्याखाली होती. मी रोज सकाळी पडवी झाडते. रोज ती बाटली उचलायची, खालचं झाडायचं, परत ठेवायची. दोन महिने. मनात यायचं, हे काय आहे, विचारायला हवं कुणालातरी. मग दूध उतू जायचं, नाहीतर कुणीतरी हाक मारायचं. एकदा झाकण उघडून वास पण घेतला. औषध आहे हे मला कळलं होतं. आज संध्याकाळी गोठ्यात नेऊन ठेवू, असं म्हटलं आणि तशीच ठेवली. म्हणून स्वप्ना ओरडत होती तेव्हा मला वाटलं, नाव चुकलं असेल, पण शिव्या अगदीच चुकीच्या दारात पडलेल्या नाहीत.

धम्मदीप : पण गोठ्यातून ती पडवीत आली कशी? मी तर वर, हात पोचणार नाही अशी ठेवली होती.

येसूबाई : मी आनली.

स्नेहल : आई, तुम्ही कधी उठलात? पडा जरा, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

येसूबाई : पडून काय करू. मगापासून ऐकत्ये मी. भिंतीचं ऐकलं, खाटेचं ऐकलं. आता हे पन ऐकलं. बाटली मी आनली रे धम्मा. शिमग्याच्या आधी गाय विकली ना, तवा अमर गोठा साफ करत व्हता. वाशावरचं सगळं खाली टाकलान. मला वाटलं फिनेल हाय. पडवीत लागंल पुसायला म्हनून बाकड्याखाली ठेवली. मी ठेवली, या हातानं.

धम्मदीप : आये, मग तू बोलली का नाहीस?

येसूबाई : भ्याले.

धम्मदीप : कुणाला?

येसूबाई : तुमाला. म्हातारीला काय कळत नाय, हिला कशाला हात लावू देऊ नका, असं म्हनाल. मंग काय, एका जागी बसवून ठेवाल मला. सोनूबाईच्या सासूला तसंच ठेवलंय, बघतेस ना गो? चहाची कपबशी पन कोनी हातात देत नाय तिला. मी गप ऱ्हायले. या बायला सगळी दुनिया बोलली, आनि मी तोंडात पदर धरून बसले. घास उतरत नाय घशाखाली.

धम्मदीप : म्हणून जेवत नव्हतीस तू? मला वाटलं सानिकाच्या काळजीनं.

येसूबाई : ती काळजी हायच. पन ती बरी झाली तवा काळजी उतरली, घास नाय उतरला.

स्नेहल : आई, त्यात तुमचं काय चुकलं? बाटलीवर लिहिलेलंच नव्हतं, तुम्ही काय ओळखणार.

येसूबाई : लिवलेलं असतं तरी मला कुठं वाचता येतंय? म्हनून मी विचारायला हवं व्हतं. विचारलं नाय.

धम्मदीप : आये, ऐक. मी औषध त्या बाटलीत ओतलं. दिवाळीत. मी दहावी, बारावी, पुढं डिप्लोमा शिकलेला माणूस. कंपनीत माझ्या हाताखाली पंधरा माणसं आहेत, आणि सेफ्टीचं ट्रेनिंग मी त्यांना देतो. केमिकल दुसऱ्या बाटलीत भरायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगतो. इथं येऊन मी ते केलं, कारण हे गावचं घर. इथं असंच चालतं, असं माझ्या डोक्यात. पहिली चूक माझी. तू घास घे आता.

येसूबाई : स्वप्नाला सांगशील?

धम्मदीप : सांगावंच लागेल.

येसूबाई : सांगावं लागंल असं नको म्हनूस. सांगशील का, ते विचारत्ये.

धम्मदीप : सांगतो, आये.

येसूबाई : मंग घेते घास. स्नेहल, पेज हाय काय गो थोडी?

स्नेहल : आहे. ऊन करून देते. बसा तुम्ही इथंच, वाऱ्याला.

धम्मदीप : वहिनी, पेज ठेवून ये इकडे. फोन करायच्या आधी मला एक बघायचंय. या घरात आणखी काय काय आहे असं?

स्नेहल : असं म्हणजे?

धम्मदीप : ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही असं. चल, एकेक खोली बघू. आत्ता. उद्यावर टाकलं की मी पुन्हा मुंबईला निघून जाईन.

स्नेहल : चला. ती वेताची पाटी घ्या बरोबर, निघेल ते तिच्यात घालू... न्हाणीत वर हात घाला. लागली? ती पांढरी बरणी. अमरनी बॅटरीचं पाणी आणून ठेवलंय तिच्यात. आधी लोणच्याची होती ती. सरळ धरा, हातावर येईल. आणि त्या कोनाड्यात बिस्किटांचा पुडा दिसतोय, त्यात बिस्किटं नाहीत, उंदरांच्या गोळ्या आहेत. मीच ठेवल्यात.

धम्मदीप : बिस्किटांच्या पुड्यात?

स्नेहल : पिशवी फाटली म्हणून. तुमच्या डब्याचं झाकण तुटलं तसंच.

धम्मदीप : आणि हे काय? मिनरल वॉटरच्या बाटलीत पाणी आहे की...

स्नेहल : उघडू नका. गेल्या वर्षी लोखंडी दाराला रंग दिला तेव्हाचं थिनर असणार. नाहीतर रॉकेल. मला नक्की सांगता येत नाही.

येसूबाई : माज्या उशाला पन बघा. गोळ्या हायत डब्यात. माज्या दाबाच्या आनि अमरच्या साखरेच्या एकत्र झाल्यात. मी रंगावरून घेत्ये.

धम्मदीप : आये, दोन्ही पांढऱ्या आहेत या.

येसूबाई : माजी जरा पिवळी हाय.

धम्मदीप : वहिनी, या घरात आपण सगळे इतकी वर्षं जिवंत राहिलो कसे?

स्नेहल : प्रत्येकाला आपापलं ठेवलेलं माहीत असतं, म्हणून. आईंना आईंचं माहीत, मला माझं, अमरना त्यांचं. दुसऱ्यानं काय ठेवलं ते विचारायचं राहून जातं. त्यात सुट्टीत मुंबईची माणसं येतात, दहाबारा होतो आपण. लहान मुलाला तर सगळंच घर आपलं. ते कुठंही हात घालतं.

धम्मदीप : बाहेर ठेवू या हे सगळं आधी. किती झालं? मोठ्या पाटीभर निघालं. हे फेकायचं कुठं? पऱ्यात नको, त्याचं पाणी गुरं पितात.

स्नेहल : पऱ्यात नको नि मातीतही नको. कृषी सहायक बुधवारी ग्रामपंचायतीत येतात, त्यांना विचारीन. तोपर्यंत गोठ्यातल्या लोखंडी पेटीत घालून कुलूप लावू. पुढंही तेच करू. औषध, आम्ल, रंग, जे काही असेल ते ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात, आणि त्या पेटीत. डबा फुटला तर आतलं औषध वाचवायचं नाही, फुटक्या डब्यासकट पेटीत टाकायचं. किल्ली माझ्याकडे.

धम्मदीप : तुझ्या एकटीकडे नको. पुन्हा काही झालं की सगळे तुझ्याकडेच बोट दाखवतील.

स्नेहल : मग?

धम्मदीप : एक तुझ्याकडे, एक दादाकडे. आणि मी बाहेरून काही आणलं तर तुमच्या हातात देऊन, नाव सांगून, मगच मुंबईला निघायचं. तुम्ही दोघांनी मला विचारायचं, काय आणलंस, कुठं ठेवलंस. मी चिडलो तरी विचारायचं.

येसूबाई : मला पन सांगायचं. वाचता येत नाय, पन ऐकू येतंय.

स्नेहल : सांगू आई. वाचता येत नाही म्हणून त्या पेटीला लाल रंग देऊ. लाल म्हणजे हात नाही लावायचा. तुम्हीच द्या रंग.

येसूबाई : देईन की. हात बरा चालतोय माजा.

धम्मदीप : वहिनी, दुपारी गवंड्याला फोन करून सांगतो, येऊ नको म्हणून.

स्नेहल : घाई करू नका. स्वप्नाला आधी विचारा. तिला अजून भिंत हवी असेल तर तिचं चूक नाही.

धम्मदीप : भिंत घातली असती तरी ती बाटली माझ्याच बाजूला निघाली असती. लावतो फोन. तू इथंच थांब.

स्नेहल : तुमच्या दोघांत मी कशाला?

धम्मदीप : थांब. मी एकटा असलो तर पुन्हा काहीतरी गोल गोल बोलेन.

(फोन लागतो. धम्मदीप तो स्पीकरवर टाकून बाकड्यावर ठेवतो.)

स्वप्ना : बोल. मापं घेतलीस?

धम्मदीप : घेतली. स्वप्ना, आधी माझं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही. ती बाटली माझी होती. दिवाळीत मी औषध आणलं, डबा गळत होता म्हणून उरलेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलं, गोठ्यात ठेवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. वहिनीनं नाही भरली ती. मी भरली.

स्वप्ना : तू भरलीस?

धम्मदीप : हो, मीच.

स्वप्ना : ऐकतेय.

धम्मदीप : मला आजच लक्षात आलं. लांजाच्या कागदावर नाव वाचलं तेव्हा.

स्वप्ना : मी तुला हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं. पहिल्याच रात्री. म्हटलं, असं कोण ठेवतं रे बाटलीत? तू म्हणालास, गावाकडे असंच असतं, कुणाला काही अक्कल नाही.

धम्मदीप : म्हणालो होतो.

स्वप्ना : ताईंना हे माहीत होतं?

धम्मदीप : पहिल्या दिवसापासून. दुकानात फोन करून औषधाचं नाव तिनंच काढलं.

स्वप्ना : ते नाव त्यांनी काढलं? डॉक्टर म्हणाले होते, नाव लवकर कळलं म्हणून बरं झालं. मला वाटलं डॉक्टरांनीच वासावरून ओळखलं. कुठे आहेत ताई?

स्नेहल : इथंच आहे गो.

स्वप्ना : ताई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले.

स्नेहल : बोललीस. मला लागलं. खोटं कशाला सांगू? पण ऐक, मीही सुटलेली नाही. दोन महिने ती बाटली माझ्या झाडूसमोर होती. मी उचलून परत तिथंच ठेवत होते. हे तुला कळायला हवं. उद्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

येसूबाई : आनि बाकड्याखाली मी ठेवली, स्वप्ना. माजं पन सांगून ठेवते.

स्वप्ना : आई, तुम्ही जेवताय ना? धम्मा म्हणत होता, जेवत नाही म्हणून.

येसूबाई : आता पेज घेतली थोडी.

स्वप्ना : मला काही सुचत नाहीये आत्ता. राग कुणावर करायचा तेच कळत नाही. धम्मा, तुझ्याशी मी समोर बसून बोलेन. फोनवर नाही.

धम्मदीप : संध्याकाळी येतो. तू म्हणशील ते ऐकून घेईन. आणि वाडीतही सांगणार आहे मी. वहिनीच्या अंगणवाडीत मुलं येईनाशी झालीत आपल्यामुळे. रविवारी विहारात वंदना झाली की सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन.

स्नेहल : भाऊजी, त्याची गरज नाही.

स्वप्ना : गरज आहे, ताई. त्याला सांगू दे.

धम्मदीप : भिंतीचं काय करू?

स्वप्ना : राहू दे सध्या. नको असं नाही म्हणत, राहू दे म्हणतेय. मी इतक्यात तिथं राहायला येणार नाही. रात्री मला झोप लागणार नाही त्या घरात.

स्नेहल : नको राहूस. पण दिवसा ये. रविवारी सकाळी ये, संध्याकाळी परत जा. आज आम्ही सगळं घर उपसलंय, पाटीभर निघालं. तूही एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ, आमच्या नजरेतून सुटलं असेल ते तुला दिसेल.

स्वप्ना : ताई, सानिकाचं एक सांगू? ती आता बाटलीतलं काही पीत नाही. पाणीसुद्धा. पेल्यात ओतून दिलं तरी हातात धरून माझ्याकडे बघत बसते. मी आधी घोट घेते, मग ती घेते.

स्नेहल : कधीपासून?

स्वप्ना : घरी आणल्यापासून. डॉक्टर म्हणाले जाईल हळूहळू. पण तिकडं आणलं आणि दिवसभर ती पाण्याविना राहिली तर? ऊन किती आहे.

स्नेहल : आण तू तिला. मी तिला विहिरीवर नेईन, तिच्यासमोर पाणी शेंदीन. आधी मी पिईन, मग आई पितील. तिला वाटेल तेव्हा ती पिईल.